कार्यालयाची वार्षिक उद्दिष्टं कशी ठरवायची: आढावा शाखेत नव्याने आलेल्यांसाठी

आढावा शाखेत रुजू होऊन आठवडाही होत नाही आणि वरून निरोप येतो: "कार्यालयाचा कृती आराखडा सोमवारपर्यंत सादर करा." मग मागच्या वर्षीची फाइल निघते, वर्ष बदललं जातं, प्रत्येक आकड्यात दहा टक्के वाढ होते आणि सही होऊन कागद वर जातो. बरेचसे आराखडे असेच तयार होतात, आणि मार्चमध्ये त्यातली ९८ टक्के उद्दिष्टं 'साध्य' झालेली असतात.

आता हे पूर्वीसारखं निभत नाही. ७ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी १०० दिवसांचा सात कलमी कार्यक्रम जाहीर केला. संकेतस्थळ, सुकर जीवनमान, स्वच्छता, तक्रार निवारण, कार्यालयातल्या सोयी, गुंतवणूक प्रसार आणि क्षेत्रीय भेटी ही ती सात कलमं. मूल्यमापन बाहेरच्या संस्थेने, म्हणजे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने केलं आणि १ मे रोजी निकाल लागला. पाठोपाठ २ ऑक्टोबरपर्यंतचा १५० दिवसांचा कार्यक्रम आला. म्हणजे आपण लिहिलेला आकडा आता तिऱ्हाईत माणूस तपासू शकतो. मी या कामात बरीच वर्षं काढली आहेत. ज्या गोष्टी मला कोणी सांगितल्या नाहीत, त्या क्रमाने लिहितो. उदाहरणं महसूल खात्यातली आहेत, पण रीत कुठल्याही कार्यालयाला चालेल.

आधी टेबलावर काय हवं

- कार्यालयाची नागरिकांची सनद आणि लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित झालेल्या सेवांची यादी, मुदतीसह
- कार्यविवरण नोंदवह्यांचे (किती प्रकरणं आली, किती निकाली निघाली याच्या नोंदींचे) किमान मागच्या १२ महिन्यांचे गोषवारे. तीन वर्षांचे मिळाले तर उत्तम
- मंजूर, भरलेल्या आणि रिक्त पदांचा तक्ता (आस्थापना शाखेकडून ताजा घ्या, संकेतस्थळावरचा नको)
- मागच्या तपासणीचे मेमो आणि लेखापरीक्षणातले आक्षेप
- योजनानिहाय तरतूद आणि वरून आलेला इष्टांक, म्हणजे गाठायचा म्हणून ठरवून दिलेला आकडा
- एक साधी एक्सेल शीट. डॅशबोर्ड वगैरे नंतर

तपासणी मेमो लोक हमखास विसरतात. खरं तर तुमच्या कार्यालयाचं कुठे दुखतं हे त्या चार पानांत कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं.

१. कामांची तीन ढिगांत वाटणी करा

पहिला ढीग कायद्याने मुदत ठरलेल्या कामांचा. उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत द्यायचा असेल तर "१५ दिवसांत दाखला देणे" हे उद्दिष्ट होऊ शकत नाही, ते कर्तव्य आहे. ते पाळलं नाही तर सेवा हक्क कायद्यात पदनिर्देशित अधिकाऱ्याला (ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला) ५०० ते ५,००० रुपये शास्ती आहे. तसंच २००५ च्या बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमातलं कलम १० म्हणतं की कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. आराखड्यात "प्रत्येक टेबलावरची फाइल १० दिवसांत पुढे जाणार" असं अभिमानाने लिहिलेलं मी पाहिलं आहे. म्हणजे कायदा मोडण्याचंच उद्दिष्ट, तेही सहीशिक्क्यानिशी.

दुसरा ढीग वरून आलेल्या इष्टांकांचा: वसुली, घरकुलं, वृक्षलागवड. यात आकडा तुमच्या हातात नसतो, पण त्याची महिनावार वाटणी असते.

तिसऱ्या ढिगात कार्यालयाने स्वतःहून ठरवायची कामं. खरं डोकं इथे चालवायचं. यातली चार-पाचच निवडा. बावीस उद्दिष्टं असलेला आराखडा कोणीही वाचत नाही, ज्याने लिहिला तोही नाही.

२. साखळीत आपली कडी कोणती, ते बघा

पैसा खर्च होतो, त्यातून काहीतरी तयार होतं (उत्पादन), आणि त्यामुळे लोकांच्या आयुष्यात काहीतरी बदलतं (फलनिष्पत्ती). केंद्र सरकारने २००५-०६ मध्ये फलनिष्पत्ती अर्थसंकल्प सुरू केला तो याच भेदासाठी, आणि २०१७-१८ पासून केंद्रीय योजनांना उत्पादन आणि फलनिष्पत्ती अशी वेगळी मोजमापं लावली जातात.

तालुका पातळीवरच्या कार्यालयाने मात्र इथे जपून पाऊल टाकावं. "माता मृत्यू कमी करणे" हे उद्दिष्ट प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गळ्यात घालण्यात अर्थ नाही. एका केंद्राच्या क्षेत्रात वर्षाला असे मृत्यू शून्य होतील किंवा एखादा होईल. त्यावरून काम कळत नाही. तिथे मोजायचं ते जोखमीच्या गरोदर मातांपैकी किती जणींची तपासणी वेळेत झाली आणि किती जणींना पुढे पाठवलं. याच्या उलट, जिल्हा पातळीवर फक्त "शिबिरे घेतली: ४०" एवढं लिहून सुटका करून घेऊ नका. शिबिराला आलेल्या माणसाचं काम झालं का, हे जिल्ह्याला विचारता येतं.

माझा निकष सोपा आहे. आकडा घसरला तर सोमवारच्या बैठकीत कोणाला काय वेगळं करायला सांगणार? याचं उत्तर देता येत नसेल तर ती कडी तुमची नाही.

३. आज आपण कुठे उभे आहोत, ते मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. उदाहरण म्हणून फेरफार नोंदी, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी घेऊ.

महिन्याच्या गोषवाऱ्यात चार रकाने असतात: आरंभीची शिल्लक, आवक, निर्गती (निकाली निघालेली प्रकरणं), अखेरची शिल्लक. पहिली तपासणी अगदी बाळबोध आहे. मार्चची अखेरची शिल्लक आणि एप्रिलची आरंभीची शिल्लक जुळते का? बारा महिन्यांचे गोषवारे एकाखाली एक लावून बघा. कुठेतरी ३१२ वरून २६८ अशी उडी सापडेल. मधल्या ४४ नोंदी कोणी निर्गत केलेल्या नसतात, त्या नुसत्या मोजायच्या राहिलेल्या असतात. मूळ आकडाच असा असेल तर त्यावर उभा केलेला आराखडा फुकट.

दुसरी तपासणी वयाची. एकूण प्रलंबित ९०० म्हटल्याने काहीच कळत नाही. ३० दिवसांच्या आतल्या किती, एक ते तीन महिन्यांच्या किती, तीन ते सहा महिन्यांच्या किती आणि त्याहून जुन्या किती, असे चार भाग पाडा. सहा महिन्यांहून जुन्या नोंदींची यादी नावानिशी काढा. ती यादी बहुधा दोन-तीन सज्जांमध्येच (एका ग्राम महसूल अधिकाऱ्याकडच्या गावांचा गट म्हणजे सज्जा) साचलेली निघते, आणि कारणं ठरलेली असतात: वारसांचा वाद, जुना दस्त, किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याचं (पूर्वीच्या तलाठ्याचं) पद रिकामं.

तिसरी तपासणी टेबलांची. शाखेत सहा गठ्ठे पद्धत (प्रत्येक टेबलावरचे कागद स्थितीनुसार सहा गठ्ठ्यांत लावण्याची रीत) खरंच चालू आहे का, की तपासणीच्या आदल्या दिवशी फाइलींना फडकी बांधली जातात? प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन (दुसरीकडून उत्तर यायचं असलेल्या फाइलींचा) हे दोन गठ्ठे स्वतः सोडून बघा. "वरून उत्तर येणे बाकी" म्हणून प्रतीक्षाधीनमध्ये ठेवलेल्या काही फाइलींत वर पाठवलेलं पत्रच सापडत नाही.

४. मग आकडा लिहा

समजा तालुक्यात महिन्याला ४०० नोंदी येतात, पाच मंडळ अधिकारी (काही सज्जांचं मिळून एक मंडळ, त्याचे अधिकारी) मिळून ३८० प्रमाणित, म्हणजे तपासून कायम करतात आणि शिल्लक ९०० आहे. साहेबांना हवं असतं "३१ मार्चपर्यंत शून्य प्रलंबित". ऐकायला छान वाटतं. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे महिन्याला ४०० नोंदी येत असतील तर साधारण २०० नोंदी कोणत्याही दिवशी नोटिशीच्या मुदतीतच असणार. हे शून्य कायद्याने गाठताच येत नाही. ज्या तालुक्याने ते गाठलं, तिथे नोटिशीच्या तारखा बघा.

म्हणून उद्दिष्ट असं ठेवा: एकूण शिल्लक ९०० वरून ३०० वर आणायची, आणि अविवादित नोंदींपैकी ३० दिवसांहून जुनी एकही ठेवायची नाही. नऊ महिने हाती असतील तर ६०० कमी करायला दरमहा साधारण ६७ जादा, अधिक चालू आवक ४००, म्हणजे ४६७. आजच्या ३८० पेक्षा ८७ जास्त. पाच मंडळांत वाटलं तर प्रत्येकी १७-१८. एवढं जमू शकतं. पण एक मंडळ रिकामं असून त्याचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्याकडे असेल, तर हाच भार दोन मंडळं सांभाळणाऱ्या माणसावर दुप्पट पडतो. पदांचा तक्ता मागितला तो यासाठी.

हरकत आलेल्या नोंदी वेगळ्या काढा. त्या विवादग्रस्त नोंदवहीत, गाव नमुना ६-अ ला जातात, त्यांची सुनावणी होते. त्यांना ३० दिवसांचं उद्दिष्ट लावलंत तर सुनावणी उरकली जाईल आणि अपिलं वाढतील.

वाक्य लिहिताना पाच गोष्टी आल्याच पाहिजेत: कोण, काय, कितीपैकी किती, कधीपर्यंत, कशावरून. "फेरफार नोंदी जलद गतीने निर्गत करणे" यात त्यातली एकच आहे. "हरकत नसलेल्या फेरफार नोंदींपैकी ९० टक्के नोंदी दाखल दिनांकापासून ३० दिवसांत मंडळ अधिकारी प्रमाणित करतील, मोजणी ई-फेरफार प्रणालीतील अहवालावरून, दर महिन्याच्या ५ तारखेला" यात पाचही आहेत. वाक्य रुक्ष झालं तरी हरकत नाही.

सरासरी दिवस मात्र उद्दिष्ट म्हणून घेऊ नका. पन्नास सोप्या नोंदी दोन दिवस आधी उरकल्या की सरासरी गोजिरी दिसते आणि दोन वर्षं रखडलेला वारस तसाच चावडीत बसून राहतो.

५. महिन्यांची वाटणी बाराने भागून करू नका

बांधकामं पावसाळ्यात होत नाहीत. अतिवृष्टी झाली की सगळी महसूल यंत्रणा पंचनाम्यांना जुंपली जाते. निवडणूक लागली तर आचारसंहिता आणि ड्यूटी दोन्ही. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, महसुली वर्ष १ ऑगस्टला. त्यामुळे कोणतं उद्दिष्ट कोणत्या वर्षाचं, हे प्रत्येक ओळीसमोर लिहा. नाहीतर जुलैच्या आढाव्यात दोन शाखा दोन वेगळे आकडे घेऊन येतील आणि दोघांचेही बरोबर असतील.

शेवटच्या तिमाहीवर निम्म्याहून जास्त भार येत असेल तर वाटणी चुकली. मार्चअखेरची धावपळ तुम्ही एप्रिलमध्येच लिहून ठेवली, असा त्याचा अर्थ.

६. हा आकडा खोटा कसा करता येईल, ते आधीच लिहून काढा

बहुतेक मार्गदर्शक सूचनांत ही पायरी नसते. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. शाखेतल्या सगळ्यात मुरलेल्या अव्वल कारकुनाला चहाला बोलवा आणि विचारा, "भाऊसाहेब, काम न करता हे उद्दिष्ट पूर्ण दाखवायचं असेल तर काय करता येईल?" दहा मिनिटांत यादी तयार होते. माझ्याकडे जमलेली अशी:

- अर्ज घ्यायचा, पण आवक क्रमांक टाकायचा नाही. घड्याळ सुरूच होत नाही.
- मुदतीच्या आदल्या दिवशी 'त्रुटी' काढून परत पाठवायचा.
- नामंजूर करायचा. नामंजूर ही सुद्धा निर्गतीच.
- तक्रार "संबंधित विभागाकडे वर्ग" करून निकाली दाखवायची.
- दप्तरी दाखल. म्हणजे पुढे काही न करता फाइल बंद.
- सोपी प्रकरणं आधी, जुनी आणि किचकट कायमची मागे.

यातली एकही गोष्ट नुसत्या निर्गतीच्या आकड्यात दिसत नाही. म्हणून प्रत्येक उद्दिष्टाला एक जोडीदार मोजमाप द्या. निर्गतीसोबत नामंजुरीचं प्रमाण. वेगासोबत अपिलांची संख्या. तक्रार निकाली काढण्यासोबत त्याच अर्जदाराची पुन्हा आलेली तक्रार. नामंजुरीचं प्रमाण एका महिन्यात ८ टक्क्यांवरून २२ वर गेलं, तर निर्गतीबद्दल अभिनंदन करण्याआधी त्या फाइली मागवा.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. ब्रिटनमध्ये टोनी ब्लेअर यांच्या सरकारने ४८ तासांत डॉक्टरांची भेट मिळण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. काही दवाखान्यांनी ४८ तासांपुढची वेळ द्यायचंच बंद केलं. पुढच्या आठवड्यात यायचं असेल तर आज नोंद नाही, परवा फोन करा! २००५ च्या निवडणुकीच्या तोंडावर टीव्हीवरच्या कार्यक्रमात एका बाईने हे ब्लेअरना तोंडावर सांगितलं आणि त्यांना त्याची कल्पनाच नव्हती. आकडा मात्र उत्तम होता.

आपल्याकडचा धडा याहून कितीतरी कडू आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांपासून तलाठ्यांपर्यंत 'केसेस' वाटून दिल्या होत्या आणि न आणणाऱ्याचा पगार अडत होता. कुटुंब नियोजनातली पद्धतनिहाय उद्दिष्टं देशभर काढून टाकायला १९९६ साल उजाडलं. जिथे काम नागरिकाच्या मर्जीवर अवलंबून आहे, तिथे कर्मचाऱ्याच्या डोक्यावर माणशी कोटा ठेवूच नका. रक्तदान शिबिर असो की विमा नोंदणी, सेवा उपलब्ध झाली का ते मोजा.

७. भारांक आणि श्रेणी

२००९ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळ सचिवालयाने मंत्रालयांना 'रिझल्ट्स फ्रेमवर्क डॉक्युमेंट', म्हणजे वर्षाची उद्दिष्टं आणि त्यांच्या मोजमापांचा दस्तऐवज करायला लावलं होतं. काही वर्षांनी ते मागे पडलं, पण त्यातला एक भाग अजूनही उचलण्यासारखा आहे: 'झालं' आणि 'नाही झालं' यांच्या मधल्या पायऱ्या. उत्कृष्ट म्हणजे १००, मग ९०, ८०, ७० आणि तळाला ६०. आपल्या उदाहरणात ९५ टक्के नोंदी ३० दिवसांत झाल्या तर १००, ९० टक्क्यांना ९०, ८५ ला ८० असं खाली. यामुळे ८९ टक्क्यांवर अडकलेल्या कार्यालयाला आकडा ढकलून ९० करण्याचा मोह कमी होतो.

भारांक (प्रत्येक उद्दिष्टाच्या महत्त्वाप्रमाणे गुण) देताना एकूण १०० धरा आणि सगळ्यात अवघड कामाला सगळ्यात जास्त द्या. उलटं होताना दिसतं. "मासिक अहवाल वेळेवर सादर करणे" याला १५ आणि सहा महिन्यांहून जुन्या प्रकरणांना ५. अहवाल वेळेवर पाठवण्याला माझ्या आराखड्यात शून्य भारांक असतो. त्यावरून वाद होतो, होऊ द्या.

८. पडताळणी कोण करणार

ज्याचं काम त्यानेच मोजायचं, ही पद्धत बंद करा. एका शाखेची मोजणी दुसऱ्या शाखेकडे द्या. दर महिन्याला निर्गत झालेल्या प्रकरणांतून दहा चिठ्ठी टाकून निवडा आणि अर्जदारांना फोन लावा. तीनच प्रश्न पुरतात: अर्ज कधी दिलात, कागद हातात कधी मिळाला, आणि किती वेळा यावं लागलं. संगणकातली दाखल तारीख आणि माणसाने सांगितलेली तारीख यांत दोन-तीन आठवड्यांची तफावत निघाली तर आवक खिडकीवर जाऊन उभे राहा. फोन करणाऱ्याने "साहेबांनी चौकशी लावली आहे" असं म्हणू नये. लोक घाबरून सगळं ठीक असल्याचंच सांगतात.

९. आढावा बैठक

पीपीटी बंद. प्रत्येकाला एकच कागद: उद्दिष्ट, मागच्या महिन्याचा आकडा, या महिन्याचा आकडा, जोडीदार मोजमाप. आकडा गाठला त्यांच्यावर वेळ घालवू नका. मागे पडलेल्याला पहिला प्रश्न "का नाही झालं" हा नको, त्याचं उत्तर "मनुष्यबळ कमी आहे" हे ठरलेलंच असतं. "सगळ्यात जुनी तीन प्रकरणं कोणती आणि ती कुणाच्या टेबलावर आहेत" असं विचारा. अडचण वरच्या कार्यालयाकडून सुटणार असेल तर बैठक संपायच्या आत पत्राचा मसुदा करून घ्या.

सगळ्यांसमोर झाडाझडती घेण्याची हौस असते काहींना. तिचा परिणाम पुढच्या महिन्यात सहाव्या पायरीतल्या यादीत दिसतो.

१०. मध्येच बदलायचं झालं तर

ऑक्टोबरमध्ये एकदाच बदल करायची मुभा ठेवा, तीही कारण लिहून आणि मूळ आकडा न खोडता. पूर आला, नवी योजना आली, दोन पदं रिक्त झाली, ही कारणं चालतात. "गाठता येत नाही" हे चालत नाही. मूळ आणि सुधारित असे दोन्ही रकाने शेवटपर्यंत अहवालात राहू द्या.

आणि बदली. आराखडा करणारा अधिकारी मार्चपर्यंत त्याच खुर्चीत असेलच असं नाही, म्हणून पहिल्याच दिवशी दोन पानांची टिपणी करा. पायाभूत आकडा कुठून घेतला, कोणता अहवाल कोणत्या तारखेला काढला, कोणत्या नोंदी वगळल्या आणि का, मोजणी कोणाकडे आहे, एवढं त्यात हवं. ती ई-ऑफिसमध्ये मूळ फाइललाच जोडा. ऑपरेटरच्या पेन ड्राइव्हवर ठेवलेली टिपणी ऑपरेटरबरोबरच जाते.